गडाला पायी निघण्याआधी

सप्तशृंगी गडावर वर्षातून दोन मोठ्या यात्रा भरतात. आश्विनातल्या नवरात्राला चहूकडून माणसं येतात, पण चैत्रातली यात्रा खानदेशची. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंतच्या या उत्सवाला धुळे, जळगाव, नंदुरबारकडची मंडळं झेंडे घेऊन पायी निघतात. दिवस असे की मालेगाव-जळगावचा पारा चाळिशी ओलांडतो. धुळ्याहून झोडगे, मालेगाव, सौंदाणे, उमराणे, देवळा, कळवण करत गडाच्या पायथ्याशी नांदुरीला पोचेपर्यंत सव्वाशे-दीडशे किलोमीटर होतात. जळगावकरांची वाट त्याहून बरीच लांब.

एवढं अंतर उन्हाळ्यात सुखरूप चालता येतं, दरवर्षी हजारो जण चालतातही. ज्यांना त्रास होतो, त्यांचा त्रास बहुतेक वेळा घरून निघण्याआधीच ठरलेला असतो. दीडशे किलोमीटर तीन-साडेतीन दिवसांत उरकायचं ठरलं, की दुपारी चालावंच लागतं आणि रात्री हायवेवरही चालावं लागतं. म्हणून पहिला हिशेब दिवसांचा करा. सकाळी दहा ते दुपारी साडेचार चालायचं नाही आणि मिट्ट काळोखात हायवेवर फार वेळ राहायचं नाही, या दोन अटी घाला. मग पहाटे चार ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते सात एवढीच चाल उरते. मधले थांबे धरून त्यात पंचवीसेक किलोमीटर होतात. धुळ्याहून सहा दिवस लागतील. रजा तीनच दिवसांची असेल तर मालेगावहून निघा, देवळ्याहून निघा. दिवस कमी असतील तेव्हा अंतर कमी करावं, झोप आणि सावली कमी करू नये. देवीला पायी येणारा माणूस कुठल्या गावाहून निघाला, यावरून त्याची सेवा लहान होत नाही.

तारखेकडेही नीट पाहा. चैत्र दरवर्षी एकाच उन्हात येत नाही. २०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला होता आणि चैत्र पौर्णिमा २ एप्रिलला. त्याच वर्षी अधिक ज्येष्ठ आल्यामुळे २०२७चा पाडवा थेट ७ एप्रिलला येतो आणि पौर्णिमा २० एप्रिलला. म्हणजे तीच वाट जवळजवळ तीन आठवडे पुढच्या उन्हात चालायची. मागच्या वर्षी जमलं म्हणून यंदा जमेलच, असं अधिक मासानंतरच्या चैत्रात धरून चालू नका.

सरावाला पंचांगच हाताशी घ्या. महाशिवरात्रीपासून रामनवमीपर्यंत साधारण चाळीस दिवस मिळतात. शिवरात्रीला सुरुवात करून आठवड्यातून तीन-चार वेळा पाच किलोमीटर चाला आणि होळीपर्यंत एका दमात बारा-पंधरा किलोमीटरवर या. होळीनंतर शरीराला उन्हाची सवय लावायची. ही सवय लागायला दहा ते चौदा दिवस लागतात. घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, नाडीची धावपळ कमी होते. त्यासाठी रोज तासभर सकाळी नवाच्या किंवा संध्याकाळी पाचच्या उन्हात चाला, भर दुपारी नको. सुरतच्या मिलमधून, पुण्याच्या एसी ऑफिसातून किंवा रात्रपाळी करून थेट मंडळात सामील होणाऱ्यांना पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांत जास्त त्रास होतो, तो ही सवय नसल्यामुळे. पाडव्याच्या आधी कधीतरी लागोपाठ दोन दिवस वीस-वीस किलोमीटर चालून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतात, ते त्यातून कळतं. पाडव्यानंतर मात्र सराव हलका ठेवा.

बीपी, शुगर, हृदय, किडनी यांपैकी काहीही असेल तर निघण्याआधी दोन आठवडे डॉक्टरांना भेटा आणि स्पष्ट विचारा, 'उन्हात रोज पंचवीस किलोमीटर चालणार आहे, गोळ्या बदलायच्या का?' बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, शुगरच्या काही गोळ्यांनीही अंगातलं पाणी जातं. काही गोळ्यांवर उपाशीपोटी लांब चाललं की साखर एकदम उतरते. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही आणि विचारल्याशिवाय तशीच चालूही ठेवायची नाही. इन्सुलिन मंडळाबरोबरच्या टेम्पोच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर दुपारपर्यंत वाया गेलं समजा. ते प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून गार पाण्याच्या रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ठेवा. बर्फाला थेट टेकू देऊ नका.

याच्या जोडीला अंगदुखीच्या गोळ्यांचं. वाटेत पाय दुखले की कुणीतरी खिशातून गोळी काढून देतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना घेतल्या तर किडनीला इजा करतात. दिवसाला एक म्हणता म्हणता लोक तीन-तीन घेतात. पाय दुखत असतील तर त्या दिवशीचं अंतर कमी करा, पाय उशाला टेकवून वर ठेवा, तेलानं हलकं चोळा. एवढ्यानं भागत नसेल तर पुढचा टप्पा टेम्पोतून करा.

आता पाण्याबद्दल. उन्हात चालताना तासाला साधारण लिटरभर घाम जातो. तो एकदम मुक्कामावर भरून निघत नाही, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी कपभर पाणी प्यायचं. तहान लागेपर्यंत थांबू नका, पण तासाला दीड लिटरच्या पुढेही जाऊ नका. नुसतं साधं पाणी भराभर पीत राहिलं की रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. म्हणून पाण्याबरोबर मीठ हवंच. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्ध्या पाकिटाचा ग्लास करायचा नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएसच्या नावानं बरीच वर्षं विकली गेली. त्यांवर हे नाव छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं (एफएसएसएआय) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तेव्हा मेडिकलमधून घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण लिहिलेलं आहे का, ते वाचून घ्या. ताक, कैरीचं पन्हं, लिंबूपाणी ही आपली पेयं चांगलीच, फक्त मीठ विसरू नका. खिशात कांदा ठेवून ऊन लागत नाही, या समजुतीवर मात्र विसंबू नका. कांदा भाकरीबरोबर खावा.

रस्त्यावर ठिकठिकाणी सरबताचे स्टॉल आणि भंडारे असतात. त्या माणसांची सेवा मोठी आहे, पण बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे त्यांनाही बहुतेक वेळा ठाऊक नसतं. उन्हात जुलाब लागले की यात्रा तिथंच संपते. सरबत बिनबर्फाचं मागा. दुपारच्या जेवणात शेवभाजी आणि तर्री टाळता आली तर बघा. वरण-भात, ताक, मऊ भाकरी यांवर संध्याकाळचे दोन तास सहज निघतात. चैत्रातल्या नवरात्राचा उपास करून कुणी चालत असेल, तर साबुदाणा-शेंगदाण्यावर भर न देता दूध, केळी, खजूर, राजगिरा आणि मीठ घातलेलं ताक असू द्या. कडक निर्जळी आणि पायी वारी एकत्र नको.

बायकांच्या पाण्याचं वेगळं बोलायला हवं, कारण ते कुणी बोलत नाही. लघवीला जागा नाही म्हणून बायका पहाटेपासून पाणीच पीत नाहीत. पुरुष रस्त्याच्या कडेला उभे राहतात, त्यांना हे सुचतही नाही. दुपारपर्यंत या बायकांचं डोकं ठणकायला लागतं, लघवीला जळजळ होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप येतो. मंडळानं मार्ग ठरवताना दर पाच-सहा किलोमीटरला पेट्रोल पंप, धाबा, शाळा किंवा ओळखीचं घर कुठं आहे, याची यादी करावी आणि तिथं थांबण्याची वेळ आधीच जाहीर करावी. अशी जागा नाही त्या टप्प्यासाठी टेम्पोत चार बांबू आणि जुन्या सतरंज्यांचा आडोसा न्यावा. पाळीच्या दिवसांत चालणाऱ्या मुलींसाठी पॅड आणि कागदी पिशव्या सामानात असू द्याव्यात. हे काम मंडळातल्या एखाद्या जाणत्या बाईकडे द्या आणि तिनं 'थांबा' म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं.

पायांकडे येऊ. वाटेवरच्या मदत केंद्रांवर जी माणसं येतात, त्यांतली बरीच नव्या चपलेची असतात. यात्रेसाठी म्हणून आदल्या दिवशी घेतलेली चप्पल मालेगावच्या आधीच फोड काढते. जे घालून महिनाभर सराव केला, तेच घालून निघा. नवं घ्यायचंच असेल तर संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, अर्धा नंबर मोठं घ्या. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओली कातडी लवकर सोलते, तेव्हा घाम सुकणारे मोजे दोन-तीन जोड ठेवा आणि दर थांब्यावर बदला. नखं निघण्याआधी आठवडाभर सरळ कापून घ्या. मांड्या घासतात तिथं पहाटेच व्हॅसलीन लावा.

फोड येण्याआधी कातडी सांगते. टाचेवर किंवा अंगठ्याच्या बाजूला एका ठिकाणी चटका बसल्यासारखं वाटायला लागतं, दाबलं की तो भाग लाल दिसतो. तिथंच थांबायचं. पाय पुसून, कोरडा करून, त्या जागेवर कागदी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावायची. या दोन मिनिटांनी दोन दिवस वाचतात. फोड आलाच आणि तो लहान असेल तर फोडू नका. मोठा टपोरा असेल, चालणं अशक्य असेल, तर हात धुऊन, नवी निर्जंतुक सुई घेऊन फोडाच्या कडेला खालच्या बाजूनं दोन बारीक भोकं पाडा, पाणी दाबून काढा, वर बिटाडीन आणि गॉजची पट्टी. वरची कातडी कापायची नाही. तीच आतल्या ओल्या मांसाचं झाकण आहे. आपल्याकडे सुईत दोरा ओवून तो फोडातून आरपार काढून तसाच ठेवायची पद्धत आहे. ती सोडून द्या. दिवसभर धुळीतून चालताना तोच दोरा घाण आत नेतो. शुगर असलेल्यांनी फोडाला स्वतः सुई लावू नये आणि रोज रात्री तळवा आरशात बघावा, कारण त्यांना जखम दुखेलच असं नाही.

अनवाणी चालायचा नवस अनेकांचा असतो. त्याचा मान राखूनच सांगावंसं वाटतं, की चैत्रातल्या दुपारी डांबर साठ अंशांपर्यंत तापतं आणि त्यावर तळवे अक्षरशः भाजतात. हाताचा उलटा पंजा रस्त्यावर टेकवून पाहा. सात सेकंद ठेवता आला नाही, तर पायही ठेवायचा नाही. पहाटे चारला रस्ता गार असतो, तेव्हा अनवाणी चाला, ऊन तापलं की चप्पल घाला. किंवा घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलून गडावरच्या पायऱ्यांपुरता नवस ठेवा. शुगर असलेल्या माणसानं अनवाणी एक पाऊलही टाकू नये.

उन्हाचा धोका सगळ्यांना कळतो, अंधाराचा कळत नाही. ऊन टाळायला लोक रात्री चालतात आणि यात्रेतले सगळ्यांत वाईट प्रसंग रात्रीच्या हायवेवर घडतात. पहाटे तीन ते पाच ही ड्रायव्हरच्या डोळ्यांवर झापड येण्याची वेळ. पौर्णिमा जवळ आली म्हणून चांदणं असेल, असंही धरू नका. नवमी-दशमीचा चंद्र पहाटेच्या आधीच मावळतो आणि चारला काळोख असतो. चौपदरीकरणात जुन्या रस्त्याची झाडं गेली आणि गाड्यांचा वेग वाढला. सर्व्हिस रोड जिथं असेल तिथं तोच धरा. नसेल तिथं समोरून गाड्या येतील अशा बाजूनं, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, एकामागे एक चाला. पहिल्या आणि शेवटच्या माणसाच्या अंगात चमकणारं जॅकेट आणि हातात बॅटरी, बाकीच्यांच्या अंगावर पुढून-मागून चमकपट्टी. मोबाइलचा उजेड पायापुरताच, ड्रायव्हरला त्याचा उपयोग नाही.

टेम्पो दिंडीच्या मागे रांगत नेण्याची चाल सर्रास आहे, मला ती धोक्याची वाटते. ताशी चार किलोमीटरनं जाणारी गाडी मागच्या ट्रकला शेवटच्या क्षणी दिसते आणि तो चुकवायला जातो ते थेट माणसांवर. टेम्पो पुढच्या थांब्यावर, रस्त्याच्या खाली उतरवून उभा करा. स्पीकरचा आवाज एवढाच ठेवा की हॉर्न ऐकू येईल. अंधारात तर बंदच ठेवा. कानात इअरफोन घालून चालणाऱ्याला मंडळातून परत पाठवायला हरकत नाही. आणि कितीही दमलात तरी रस्त्याच्या कडेला, दुभाजकावर, उभ्या ट्रकच्या सावलीत पाठ टेकायची नाही.

उमराणे सोडून देवळ्याकडे वळलात की रस्ता अरुंद होतो. चैत्रात या भागात उन्हाळ कांद्याची काढणी जोरात असते. उमराण्याच्या, कळवणच्या बाजार समितीत लवकर नंबर लागावा म्हणून कांद्याचे ट्रॅक्टर रात्रीच निघतात, आणि कित्येक ट्रॉल्यांना मागचा लाल दिवा नसतो. हा टप्पा उजाडल्यावरच चाला, पहाटेचा तास इथं सोडून द्या.

मंडळात एकच माणूस 'आज इथं थांबायचं' असं म्हणू शकेल, हे निघण्याआधी ठरवा आणि सर्वांसमोर कबूल करून घ्या. तो सर्वांत जोरात चालणारा नसावा, मागे राहणाऱ्यांबरोबर चालणारा असावा. चतुर्दशीच्या रात्री शिखरावर दरेगावचे गवळी पाटील कीर्तिध्वज लावतात. तो पाहायला वेळेत पोचायचं म्हणून शेवटच्या दोन दिवसांत मंडळं दुपारीही चालतात. अशा वेळी या माणसाची कसोटी लागते.

उष्माघात ओळखायला अवघड नाही, तो मान्य करणं अवघड जातं. चक्कर, मळमळ, पायात गोळे, खूप घाम आणि थकवा इथवर सावली, आडवं होणं, पाय उंच, मीठ-साखरेचं पाणी याने माणूस सावरतो. त्या दिवशी त्याला परत चालवू नका. पण बोलणं असंबद्ध झालं, चिडचिड करू लागला, साधं नाव-गाव सांगताना अडखळला, तोल गेला, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजायचा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, ही समजूत चुकीची आहे. चालताना होणाऱ्या उष्माघातात घाम असू शकतो. अशा वेळी गाडी शोधण्यात वीस मिनिटं घालवू नका. एकानं १०८ ला फोन लावायचा, बाकीच्यांनी त्याच क्षणी माणसाला सावलीत आडवं करून, जादा कपडे काढून, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतत राहायचं आणि टॉवेल-पुठ्ठ्यानं जोरात वारा घालायचा. बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघांत. पहिल्या अर्ध्या तासात अंग गार झालं तर जीव वाचतो. गोंधळलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, तापाची गोळी द्यायची नाही, तिचा इथं उपयोग नसतो. रुग्णवाहिकेतही पाणी मारणं चालू ठेवा. टेम्पोत वीस लिटरचे दोन जार फक्त यासाठी राखून ठेवा, पिण्याच्या पाण्यात ते मोजू नका. वाटेवर मालेगावला सामान्य रुग्णालय, देवळ्याला ग्रामीण रुग्णालय, कळवणला उपजिल्हा रुग्णालय आहे. आपण कुठल्या दोन गावांच्या मध्ये आहोत, हे दर थांब्यावर सर्वांना सांगत राहा, म्हणजे फोनवर पत्ता देता येतो.

नांदुरीला पोचल्यावर एक बदल होतो. यात्रेच्या दिवसांत खासगी वाहनं खालीच अडवतात आणि पुढे एसटीच्या बस चालतात. म्हणजे तुमचा टेम्पो, त्यातलं पाणी, औषधं सगळं खाली राहतं, आणि वर दहाएक किलोमीटरचा घाट असतो. तेव्हा नांदुरीतच प्रत्येकानं आपली औषधं, दोन लिटर पाणी, ओआरएस, टोपी-उपरणं आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी अंगावर घ्यावी. घाट पहाटे चढा. वर गावात पोचल्यावर मंदिरापर्यंत पायऱ्या आहेत आणि रांगेत तास जातात. गुडघे गेले असतील तर फ्युनिक्युलर ट्रॉली २०१८पासून चालू आहे, तिनं जाण्यात कमीपणा मानू नका. चढतीच्या रांगेत लहान मुलं आणि म्हातारी माणसं मध्ये ठेवा, कडेला नको.

दर्शन झाल्यावर बहुतेक जण त्याच रात्री टेम्पोत बसून घरी निघतात. ड्रायव्हर पायी चाललेला नसावा, हे पक्कं करा. घरी पोचल्यावर दोन दिवस लघवीकडे लक्ष ठेवा. ती काळपट, चहाच्या रंगाची झाली, लघवीच कमी होऊ लागली किंवा मांड्या-पोटऱ्या दगडासारख्या कडक होऊन सुजल्या, तर अतिश्रमानं स्नायूंच्या पेशी फुटून किडनीवर ताण आलेला असू शकतो. थकवा म्हणून झोपून राहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि किती दिवस, किती किलोमीटर उन्हात चाललात आणि वाटेत कुठल्या गोळ्या घेतल्या, ते डॉक्टरांना आपणहून सांगा.